हातचा

रेइयो म्हणाला, कागदावर दोनशे सत्तर.
मग हातमोजा काढून नाक चोळलं
आणि खरं काय ते सांगितलं:
उणे तीसला निम्मं धर.
पाय उबेत हवे असतील तर निम्म्याहून कमी.

सात वर्षांची, पांढरी, दक्षिणेत वापरलेली.
आठ हजार चारशे युरो.
बर्फात उभी होती तर नीट दिसतही नव्हती,
नुसते चार काळे टायर
आणि दाराची फट.

माझा रोजचा फेरा एकशे बारा किलोमीटर.
सहा घरं, गोळ्यांचे डबे, न भरणाऱ्या जखमा,
प्रत्येक दारात सतरा मिनिटं,
ऑफिसनं मोजून दिलेली.
निम्मे म्हणजे एकशे पस्तीस.
त्यातून फेरा वजा. उरले तेवीस.
हीटर लावला की तेवीसही जातात
आणि वर सात अंगावर येतात.
बॅटरीचं वय तर धरलंच नाही,
तेही माझ्यासारखं हिवाळ्यात जास्त दिसतं.

जुनी डिझेल आहे अजून. तीन लाख झालेत.
पहाटे चारला अंगणातल्या खांबावरचा टायमर लागतो,
दोन तास तिचं इंजिन विजेवर शेकतं,
तेव्हा कुठे ती खोकत उठते.
म्हणजे वायर होतीच आमच्याकडे.
या गावातली प्रत्येक गाडी
रात्री खांबाला बांधलेली असते
गोठ्यातल्या जनावरासारखी.
आम्ही फक्त तिला तेल पाजत आलो.

शनिवारी चालवून पाहिली.
टायरखाली बर्फ करकरतो
तो पहिल्यांदा ऐकला,
एकवीस वर्षं याच रस्त्यावर जाऊन.
ऊब बंद केली, बावीस किलोमीटर परत आले.
लावली, गेले.
बंद. लावली. बंद.
थंडीशी असा रोखीचा व्यवहार
कधी केला नव्हता.

शेवटचं घर त्युनेचं. एक्याण्णव वर्षांची.
मोजे चढवत होते, तर वरून म्हणाली,
किती पळते म्हणे ती?
मी आकडे सांगितले. तिनं हात झटकला.
आमचं माप वेगळं होतं, म्हणाली,
रेनडिअर न मुतता पळेल तेवढं अंतर.
साडेसात किलोमीटर.
त्यापुढे हाकलंस तर जनावर हातचं जातं.
म्हणून कुणी रेनडिअरला नावं नाही ठेवली.
थांबायचो. उतरायचो. पाय आपटायचो.
तुझीत अशी किती?

मनात भागाकार केला.
हीटर बंद ठेवला तर अठरा.
लावला तर चौदा.
मला लागतात पंधरा.

चौदा! ती हसली, दात नसलेलं हसू.
चौदात तर मी लग्न होऊन या घरात आले.

मग खिडकीकडे बोट.
तो खांब बघ, एइनोच्या ट्रॅक्टरचा.
तो गेल्यापासून त्याला काही जोडलेलं नाही.
जोड तिथे. एक कमी पडतंय ना?
तासाभरात भरेल एक, मी म्हणाले,
पण तास कुठून आणू?
माझ्याकडे सतरा मिनिटं असतात, त्यातली अकरा संपली.

ती काही बोलली नाही.
कॉफी करायला उठली,
भिंतीला धरून, माझा हात न घेता.
एरवी तीन चमचे घालते.
आज पाच घातले,
मोजताना ओठ हलत होते.

रेइयो शुक्रवारपर्यंत थांबेल.
कर्जाच्या अर्जात एक ओळ आहे, कारण लिहा.
ऑफिसच्या तक्त्यातही कॉलम आहेत,
ड्रेसिंग, औषध, प्रवास.
तासभर बसले, असा नाही.

निघताना डिझेल चालूच होती,
या थंडीत बंद करत नाहीत.
तिच्या धुरातून खांबापर्यंत चालत गेले.
झाकण गोठलं होतं, उघडलं नाही.
पावलं मोजली, बावीस.
वायर किती लांब येते
हे रेइयोला विचारायचं राहिलंय.